सनद बोटीतून गेली

कंपनी सेक्रेटरीचं काम करणाऱ्या माणसाला काही प्रश्न झोपेतही सुटत नाहीत. सभा कुठे भरवायची? नोटीस वेळेत निघाली का? गणपूर्ती झाली का? इतिवृत्तावर सही कुणाची? बाहेरून बघणाऱ्याला ही कारकुनी वाटते. इतकी वर्षं हेच काम करूनही मला ती तशी वाटत नाही, आणि त्याला बरंचसं कारण मॅसॅच्युसेट्स बे कंपनी आहे, म्हणजे सतराव्या शतकात अमेरिकेत वसाहत वसवणारी एक इंग्रज व्यापारी कंपनी. अमेरिका नावाचा देश कसा उभा राहिला हे मी खऱ्या अर्थाने समजून घेतलं ते या कंपनीच्या कागदांमुळे.

अमेरिकन स्वातंत्र्याची गोष्ट आपल्याकडे चहाच्या पेट्यांपासून सुरू होते. डिसेंबर १७७३, बोस्टन बंदर, ३४२ पेट्या पाण्यात, मग वॉशिंग्टन, मग विजय. पण त्याआधी दीडशे वर्षं तिथे काय चाललं होतं? माणसं सभा भरवत होती. माझ्या मते मुख्य गोष्ट तीच आहे. चहा खूप नंतर आला.

४ मार्च १६२९ रोजी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने या कंपनीला सनद दिली. बरोबर सहा दिवसांनी त्याने पार्लमेंट बरखास्त केलं आणि पुढची अकरा वर्षं ते बोलावलंच नाही. म्हणजे एकीकडे देशाची सभा बंद आणि दुसरीकडे एका व्यापारी कंपनीच्या सभेला राजमुद्रा! त्या सनदेतली रचना आजच्या कुठल्याही कंपनीवाल्याला ओळखीची वाटेल. एक गव्हर्नर, एक उपगव्हर्नर आणि अठरा असिस्टंट, म्हणजे आपलं संचालक मंडळ. त्यांची निवड दरवर्षी करायची ती सभासदांनी, ज्यांना ‘फ्रीमन’ म्हणत. वर्षातून चार सर्वसाधारण सभा, आणि त्या सभेचं नाव ‘जनरल कोर्ट’. इंग्लंडच्या कायद्याला विरोध होणार नाही असे नियम करायचा अधिकार या सभेला होता. सगळं रीतसर होतं, पण एक वाक्य त्यात नव्हतं: ही सभा कुठे भरवायची.

लंडनमध्येच ती भरेल असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असणार. ते वाक्य मुद्दाम गाळलं की राहून गेलं, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. त्याचा उपयोग मात्र पुरेपूर झाला. त्याच वर्षी जुलैत कंपनीचा पहिला गव्हर्नर मॅथ्यू क्रॅडॉक याने सभेपुढे प्रस्ताव ठेवला की कंपनीचा कारभारच वसाहतीत हलवावा. ऑगस्टच्या अखेरीस इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये बारा जणांनी करार केला: आम्ही सहकुटुंब जायला तयार आहोत, पण सनद आणि कारभार आमच्याबरोबर आला पाहिजे. सभेने ठराव मंजूर केला. ऑक्टोबरमध्ये जॉन विन्थ्रॉप गव्हर्नर झाला आणि १६३० च्या वसंतात ‘आर्बेला’ जहाज निघालं तेव्हा कंपनीची सनदही समुद्रापार गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय अटलांटिकपलीकडे गेलं, आणि ते कुणाच्या परवानगीने हलवलं हे विचारायला राजाला पुढे चार वर्षं लागली.

सभेची सवय याआधी व्हर्जिनियातही लागली होती. तिथेही कंपनीच होती. जेम्सटाउनची वस्ती १६०७ ची. सुरुवातीची वर्षं उपासमारीत गेली, तंबाखूने जीव धरला, आणि ३० जुलै १६१९ रोजी तिथल्या चर्चमध्ये बावीस निवडलेले प्रतिनिधी गव्हर्नर जॉर्ज यार्डलीसमोर बसले. उकाडा एवढा होता की एक प्रतिनिधी, वॉल्टर शेली, सभा चालू असतानाच वारला आणि ४ ऑगस्टला काम आटोपतं घ्यावं लागलं. पाच वर्षांनी राजाने कंपनी मोडीत काढली, पण प्रतिनिधींची सभा टिकली. कंपनी गेली तरी तिची सभा उरते, हे मला विलक्षण वाटतं. त्याच १६१९ च्या ऑगस्ट अखेरीस, जेम्सटाउनपासून नदीमुखाच्या दिशेला असलेल्या पॉइंट कम्फर्टला, पकडून आणलेले वीसेक आफ्रिकन लोक एका जहाजातून उतरवून विकले गेले. दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यातल्या, आणि त्या वेगवेगळ्या सांगता येत नाहीत.

मॅसॅच्युसेट्सची १६२९ ची सनद मी पाहिली आहे. बोस्टनला कोलंबिया पॉइंटवर राज्याचं दफ्तर आहे, त्याच इमारतीत कॉमनवेल्थ म्युझियम आहे. भावाकडे गेले होते तेव्हा वहिनी मला तिथे घेऊन गेली. काचेखाली चर्मपत्र, दाट वळणदार अक्षर, एक ओळ लागेल तर शपथ. १७८० ची राज्यघटनाही तिथेच आहे. वहिनी आधी बाजूला उभी राहिली, मग बाकावर बसली. मी सनदेपुढे उभी राहून मनात उजळणी करत होते: गव्हर्नर, उपगव्हर्नर, अठरा असिस्टंट, चार सभा. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव आजही ‘जनरल कोर्ट’ आहे. कंपनीच्या सर्वसाधारण सभेचं नाव चारशे वर्षं होत आली तरी पुसलं गेलेलं नाही.

पण सनद तिकडे गेली म्हणून लोकांच्या हाती सत्ता आली, असं मुळीच झालं नाही. सुरुवातीला विन्थ्रॉप आणि मोजके असिस्टंट सगळा कारभार आपापसात उरकत होते. १६३० च्या शरद ऋतूत शंभरावर लोकांनी फ्रीमन होण्यासाठी अर्ज केले. ते स्वीकारले गेले, पण पुढच्या वर्षी अट आली की यापुढे फ्रीमन व्हायचं तर चर्चचं सभासद असलं पाहिजे. आणि नियम कोण करणार? असिस्टंटच. सनदेत लिहिलं होतं की नियम सर्वसाधारण सभेने करायचे, पण सनद पेटीत होती आणि पेटी गव्हर्नरकडे.

१६३२ मध्ये न्यूटाउनला (आजचं केंब्रिज) तटबंदीसाठी साठ पौंडांचा कर गावांवर बसवला गेला. वॉटरटाउनच्या लोकांनी त्यांच्या पाद्र्याच्या सांगण्यावरून तो द्यायला नकार दिला. असा पैसा देत गेलो तर आपण आणि आपली मुलंबाळं गुलामीत जातील, असं त्यांचं म्हणणं. विन्थ्रॉपने त्यांना बोलावून समजावलं आणि त्यांनी चूक कबूलही केली. पण मे महिन्यात काय ठरलं बघा: यापुढे करांविषयी सल्ला द्यायला प्रत्येक गावाने दोन माणसं पाठवायची. नकार मागे घेतला गेला आणि मागणी मात्र पदरात पडली. ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ या घोषणेच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट. आणि भांडण राजाशी नव्हतंच, ते आपल्याच गव्हर्नरशी होतं.

दोन वर्षांनी, १६३४ च्या एप्रिलमध्ये, प्रत्येक गावाची दोन-दोन माणसं एकत्र जमली आणि गव्हर्नरला म्हणाली: सनद दाखवा. त्यांनी ती वाचली. वाचल्यावर कळलं की नियम करायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. विन्थ्रॉपने सांगून पाहिलं की सभासद आता इतके झालेत की सगळे एकत्र बसून कायदे करणं अशक्य आहे. त्यावर लोकांनी तोडगा काढला: सगळे बसणार नाहीत, गावागावांतून प्रतिनिधी बसतील. मे महिन्याच्या सभेत हे मंजूर झालं, आणि त्याच सभेत विन्थ्रॉपचं गव्हर्नरपद गेलं; थॉमस डडली निवडून आला.

हा प्रसंग मी कितीदा तरी वाचला असेल. भागधारक कार्यालयात येतो आणि मूळ दस्तऐवज बघायला मागतो, तेव्हा संचालकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पाहिलेलं आहे. त्याचा हक्क असतो, कायद्यात लिहिलेला असतो, तरी क्षणभर खोलीतली हवा बदलते. न्यू इंग्लंडच्या त्या शेतकऱ्यांनी तोफ आणली नाही. त्यांनी कागद मागितला आणि नीट वाचला.

पुढे विधिमंडळाची दोन सभागृहं झाली ती एका डुकरिणीवरून. बोस्टनच्या एलिझाबेथ शेरमन या गरीब बाईची हरवलेली डुकरीण रॉबर्ट केन या श्रीमंत व्यापाऱ्याने मारली की नाही, हा तंटा १६४२ मध्ये जनरल कोर्टापर्यंत गेला. गावांचे प्रतिनिधी बहुतेक बाईच्या बाजूने, असिस्टंट व्यापाऱ्याच्या. एकाने दुसऱ्याचा निर्णय अडवावा का, यावर एवढं रण माजलं की १६४४ पासून दोघे वेगळे बसू लागले.

दरम्यान राजाला जाग आली होती. १६३४ मध्येच लंडनहून क्रॅडॉककडे मागणी आली: सनद परत आणून हजर करा. क्रॅडॉकने वसाहतीला कळवलं. वसाहतीने विचार करायला वेळ मागितला, मग पुन्हा मागितला. १६३५ च्या जानेवारीत पाद्र्यांचा सल्ला घेतला गेला. तो असा की राजाने वरून गव्हर्नर पाठवला तर जमेल तितकं रक्षण करा, नाही तर टाळा किंवा लांबवा. त्याच सुमारास बंदरातल्या बेटावर तटबंदी झाली आणि टेकडीवर धोक्याची मशाल उभारली गेली. तीच आजची बीकन हिल. मग इंग्लंडमध्ये यादवी पेटली आणि राजाला सनदेपेक्षा मोठ्या काळज्या लागल्या.

या कंपनीचा एक शिक्काही होता. कॉमन सील माझ्या हातून असंख्य कागदांवर उमटलं आहे, म्हणून त्याच्याकडे माझं लक्ष जरा जास्तच गेलं. त्यावर एक मूळ रहिवासी उभा आहे, हातात धनुष्य आणि जमिनीकडे टोक केलेला बाण. त्याच्या तोंडून शब्द निघताहेत: इकडे या आणि आम्हाला मदत करा. बायबलमधलं वाक्य. हा शिक्का इंग्लंडमध्ये तयार झाला. ज्याच्या तोंडी ते शब्द घातले त्याला कुणी विचारलं नव्हतं. १६३७ मध्ये पीक्वॉट लोकांचं मिस्टिकचं गाव बायकामुलांसकट जाळलं गेलं. पकडलेल्या पीक्वॉटांपैकी काहींना वेस्ट इंडीजकडे नेऊन विकलं, आणि ज्या जहाजातून नेलं ते १६३८ मध्ये कापूस, तंबाखू आणि आफ्रिकन गुलाम घेऊन परत आलं. विन्थ्रॉपने आपल्या रोजनिशीत तशी नोंद केली आहे. १६७५ च्या, मेटाकॉम या मूळ रहिवाशांच्या प्रमुखाशी झालेल्या युद्धात ख्रिस्ती झालेल्या, इंग्रजांच्या बाजूच्या मूळ रहिवाशांनाही बोस्टन बंदरातल्या डीअर आयलंडवर हिवाळ्यात नेऊन ठेवलं आणि त्यातले अनेक तिथेच मेले. सभा, ठराव, प्रतिनिधी या सगळ्याचं मला जेवढं अप्रूप आहे तेवढाच हा शिक्का मला छळतो. ज्या जमिनीवर त्या सभा भरल्या तिच्या मालकांना त्यांत जागा नव्हती.

१६८४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने अखेर सनद रद्द केली. एडमंड अँड्रॉस गव्हर्नर होऊन आला आणि प्रतिनिधींची सभाच उरली नाही. कर बसवायचे ते गव्हर्नर आणि त्याच्या सल्लागारांनी. १६८७ च्या ऑगस्टमध्ये इप्सविच गावाने सभा घेऊन ठरवलं की आम्ही निवडलेली सभा नाही, तर आमचा कर नाही. पाद्री जॉन वाइझ याला पकडून पन्नास पौंड दंड केला. आता तुमचा एकच हक्क उरला आहे, तो म्हणजे गुलाम म्हणून विकलं न जाण्याचा, असं आपल्याला ऐकवलं गेल्याचं वाइझने सांगितलं. न्यायासनावर होता जोसेफ डडली, १६३४ मध्ये निवडून आलेल्या थॉमस डडलीचा मुलगा. आणि मग अँड्रॉसच्या राजवटीने कायदा केला: गावसभा वर्षातून एकदाच. १८ एप्रिल १६८९ रोजी बोस्टनने अँड्रॉसलाच अटक केली. १६९१ मध्ये नवी सनद मिळाली: गव्हर्नर राजाचा, पण सभा लोकांची, आणि मताचा हक्क चर्चऐवजी मालमत्तेवर.

चहा बुडवल्यावर १७७४ मध्ये पार्लमेंटने काय केलं? मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. सल्लागार मंडळ यापुढे राजा नेमणार. आणि गावसभा वर्षातून एकदाच. आणखी घ्यायची तर गव्हर्नरची लेखी परवानगी. अँड्रॉसच्या काळातला तोच कायदा पुन्हा आला! अंमल कुठल्या गोष्टीला घाबरतो ते त्याच्या पहिल्या बंदीवरून कळतं.

यानंतरचा प्रसंग मी नव्याने या कामाला लागलेल्या मुलामुलींना हमखास सांगते. ऑगस्ट १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर, सेनापती गेज याने बोस्टनच्या निवडलेल्या कारभाऱ्यांना बोलावून सांगितलं की नव्या कायद्यानुसार सभा बोलवायला बंदी आहे. ते म्हणाले, आम्ही सभा बोलावलेलीच नाही. कायदा येण्याआधी बोलावलेली सभा तहकूब आहे, तीच चालू आहे. गेज वैतागून म्हणाला, अशाने तुम्ही ती दहा वर्षं जिवंत ठेवाल. बरोबर बोलला तो. तहकूब सभा ही मूळ सभेचाच भाग असते, हे तत्त्व आम्ही आजही पाळतो.

बोस्टनबाहेर तर तहकुबीचीही गरज उरली नाही. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वूस्टरला आसपासच्या गावांतली ४,६२२ माणसं आपापल्या तुकड्यांनी येऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. राजाच्या न्यायाधीशांना टोपी हातात घेऊन त्यांच्यामधून चालायला लावलं आणि राजीनामे पुन्हापुन्हा वाचायला लावले. न्यायालय उघडलंच नाही. ऑक्टोबरमध्ये गेजने बोलावलेली आणि मग रद्द केलेली विधानसभा सेलमला तरीही जमली. नव्वद सदस्य गव्हर्नरची वाट पाहत थांबले, तो आला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःलाच प्रांतिक काँग्रेस म्हणून घोषित केलं. जॉन हॅनकॉक अध्यक्ष झाला. महिनाअखेरीस त्यांनी ठराव केला की गावांनी कराचे पैसे राजाच्या खजिनदाराकडे भरू नयेत, हेन्री गार्डनरकडे भरावेत. स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी लेक्सिंग्टनला सुटली ती १९ एप्रिल १७७५ ला. तिजोरी त्याआधीच वेगळी झाली होती, म्हणजे माझ्या हिशेबाने राज्यही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे ईस्ट इंडिया कंपनी आठवणारच. बोस्टनला बुडालेला चहाही तिचाच. तिची सनद १६०० ची, तिलाही गव्हर्नर आणि सभासदांची सभा. पण ती सभा लंडन सोडून कधी हलली नाही. बंगालचा सारा कसा वसूल करायचा हे लेडनहॉल स्ट्रीटवरच्या तिच्या कचेरीत ठरत राहिलं आणि बंगालच्या रयतेला त्या सभेत जागा नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये सभेत बसणारे इंग्रजच होते, आपल्याच लोकांशी इंग्रजी हक्कांसाठी भांडत होते. दोन्ही कंपन्यांचं कूळ एक असूनही आपल्या वाट्याला काय आलं, याचं उत्तर बरंचसं यात आहे. आपली तुलना त्या वसाहतवाल्यांशी होत नाही, शिक्क्यावरच्या माणसाशी होते.

मे १७७६ मध्ये फिलाडेल्फियाला भरलेल्या, सगळ्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने वसाहतींना सांगितलं की आपापली सरकारं स्थापन करा. बहुतेकांनी नव्या घटना लिहिल्या. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडने लिहिल्याच नाहीत. त्यांच्या १६६२ आणि १६६३ च्या सनदांमध्ये गव्हर्नरसुद्धा निवडलेलाच होता, म्हणून राजाचा अंमल तेवढा काढून टाकला आणि तोच कागद चालवला. कनेक्टिकटने १८१८ पर्यंत, ऱ्होड आयलंडने १८४३ पर्यंत. मॅसॅच्युसेट्समध्ये १७७८ चा मसुदा गावसभांनी फेटाळला, कारण त्यात हक्कांची यादी नव्हती आणि तो विधानसभेने परस्पर लिहिला होता. मग त्यासाठी वेगळी परिषद निवडली गेली, जॉन ॲडम्सने मसुदा केला, गावागावांत तो चर्चेला गेला आणि १७८० मध्ये लागू झाला. आजही तीच घटना चालू आहे. पहिल्याच कलमात लिहिलं: सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत.

शेफील्ड गावात कर्नल जॉन ॲशलीच्या घरी बेट नावाची एक गुलाम बाई होती. याच घरी १७७३ मध्ये गावकऱ्यांनी बसून हक्कांचा जाहीरनामा तयार केला होता. मालकिणीने एकदा दुसऱ्या मुलीवर तापलेलं फावडं उगारलं, ते बेटने आपल्या हातावर झेललं. तो व्रण जन्मभर राहिला. तिला वाचता येत नव्हतं. माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत असं कागदात लिहिलंय, हे तिने ऐकलं आणि ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. सेजविकच्या मुलीने पुढे ही हकिकत लिहून ठेवली. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात बेट आणि ब्रॉम नावाचा दुसरा गुलाम अशा दोघांच्या बाजूने ज्यूरीने निकाल दिला आणि ॲशलीने तीस शिलिंग भरपाई द्यावी असं ठरलं. ॲशलीने अपील केलं, मग मागे घेतलं. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं.

फ्रीमन हा शब्द १६२९ च्या सनदेत सभासदासाठी होता. बेटच्या निकालानंतर दोन वर्षांनी क्वॉक वॉकर या दुसऱ्या एका गुलामाच्या प्रकरणात सरन्यायाधीश विल्यम कुशिंगने ज्यूरीला सांगितलं की गुलामगिरी या घटनेत बसत नाही. १७९० ची पहिली जनगणना झाली तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांच्या रकान्यात शून्य होतं. व्हर्जिनियाच्या रकान्यात, जिथे सगळ्यात आधी सभा भरली होती, तीन लाखांच्या घरातला आकडा होता.